सावलीकाका

उन्हाळा तोंडावर आला की आम्ही नागपूरकर कूलर काढतो, वाळ्याच्या ताट्या बदलतो, पंप चालतो का ते बघतो. शेजारचे काका मात्र काठी आणि खडू घेऊन बाहेर पडतात. फाटकासमोरच्या फरशीवर काठी उभी करायची, सावली पोचेल तिथं रेघ मारायची, बाजूला वेळ लिहायची. इतक्या रेघा झाल्यात की गल्लीतली पोरं तिथं लंगडी खेळायला येतात. कॉलनी त्यांना सावलीकाका म्हणते. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही.

सुरुवात एका मे महिन्याच्या बिलानं झाली. दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात तासाला दीडेक युनिट खातो, हे काकांना बिल हातात पडल्यावर कळलं. दुसरा कोणी असता तर रिमोट लपवून मोकळा झाला असता. काकांनी गुन्हेगार शोधला : पश्चिमेची भिंत. दुपारी चारला ते तिला हात लावतात, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा, आणि "पाहा जी, कशी फणफणून राह्यली" म्हणत आपलाही हात धरून टेकवतात. भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री खोलीत ओकते, असं त्यांचं म्हणणं. ते शंभर टक्के खरं आहे, हीच तर पंचाईत.

मग झाडं. पहिला लावला गुलमोहर, भराभर वाढतो म्हणून. तो वाढलाही. पण ऐन एप्रिलात, सावलीची गरज पडली तेव्हा, अंगावर पान नाही, आणि मेमध्ये नुसता लालभडक. येणारेजाणारे फोटो काढत, काका खाली उन्हात उभे राहून त्याला शिव्या देत. तोडायचा तर महापालिकेची परवानगी हवी, १९७५ सालचा कायदाच आहे, म्हणून तो अजून फुलतो आहे. त्याच्या शेजारी कडुनिंब आणि करंज आले. कडुनिंब फाल्गुनात पानं टाकतो आणि वैशाखापर्यंत पुन्हा गच्च होतो. दक्षिणेला काकांनी काही लावलं नाही, कारण हिवाळ्यात सूर्य तिकडून तिरपा येतो आणि पौषातलं ऊन घरात हवं. अंगणातले तापणारे पेव्हर ब्लॉक उपसून हरळी लावली. इथवर माणूस शहाणा. पण इथवर थांबला तर तो काका कसला!

एसीचा बाहेरचा डबा सावलीत असावा, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. असावाच. पण काकांनी त्याच्यावर मधुमालती चढवली. डब्याला गरम हवा बाहेर टाकायला वाट उरेना, एसी धापा टाकून बंद पडला. मेकॅनिकनं कवळाभर वेल ओढून काढला, तर आत बुलबुलाचं घरटं. काकूंनी मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवला. पिल्लं उडेपर्यंत एसी बंद. त्या महिन्याचं बिल आजवरचं सगळ्यात कमी आलं आणि काकांनी त्याचं श्रेय कडुनिंबाला दिलं.

खरा घाव बसला मेच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा एका दुपारी नागपूरचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीला सावलीच पडत नाही. शाळेतली पोरं टाळ्या वाजवतात. काकांनी मात्र काठी उचलली, हलवली, पुन्हा ठेवली. काही नाही. दुकान लुटलं गेल्यासारखे ते पायरीवर बसले.

"भिंत वाचवली, पण छत उघडंच राह्यलं न बाप्पा!"

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर ड्रम चढू लागले. ड्रमात माती, मातीत दोडका, दोडक्यावर मांडव. खोलीत फरक पडला, खोटं का बोलू. पण गच्चीवरच्या दोडक्याला नागपूरच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं, पाणी बोअरचं, आणि बोअरची मोटर विजेवर चालते. ही गोष्ट काकूंनी एकदाच काढली. काकांनी मोटरचे युनिट वेगळ्या वहीत मांडायला घेतले, 'शेती' असं शीर्षक देऊन.

खोल्या गार झाल्या खऱ्या, पण काका कधी आत दिसत नाहीत. भर दुपारी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ते बाहेरच, कोणत्या खिडकीवर कवडसा पडला ते बघत. थंडाव्याचा उपभोग घेतात काकू आणि त्यांच्या भिशीच्या बायका.

आणि आम्ही. त्यांच्या पश्चिमेच्या कुंपणाला लागून आमचं घर, त्यामुळे त्यांच्या कडुनिंबाची सकाळची सावली आमच्या भिंतीवर येते. काका दर महिन्याला आमचं बिल बघायला मागतात. "दहा वाजेपर्यंत तुम्हाले फुकट सावली देऊन राह्यलो जी, हिशेब नको का?" मी आजवर दाखवत आलो. या मेमध्ये आमचे २८२ युनिट झाले, त्यांचे ३२६. बिल मी कपाटात साड्यांखाली ठेवलंय आणि 'अजून आलं नाही' म्हणून सांगितलंय.