भांडणाचा शनिवार

सणासुदीला घरात माणसं जमली की भांडण होणारच. प्रश्न एवढाच, की कशावरून. आमच्या सांगलीकडच्या घरात दिवाळीचे विषय ठरलेले होते: शेताचा बांध, कुणाच्या लग्नात कुणाचा मानपान राहिला आणि चिवडा डब्याच्या तळाशी पोचला की राजकारण. तिन्ही विषय महागडे. बांधाचं भांडण कोर्टात जातं, मानपानाचं पुढच्या पिढीकडे जातं आणि राजकारणाचं हल्ली व्हॉट्सॲपवर जातं, म्हणजे कुठेच जात नाही. ओहायोत संसार थाटल्यावर इथल्या लोकांचं जे मला मनापासून पटलं, त्यात हे सगळ्यात वर आहे: सणाच्या भांडणासाठी त्यांनी एक बिनविषारी विषय राखून ठेवलाय. कॉलेज फुटबॉल. बिनखर्चिकही म्हणणार होते, पण नवऱ्याने तिकिटांचे दर सांगितले.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो. या सणाची आणि फुटबॉलची सोयरीक जुनी आहे. लिंकनने तो राष्ट्रीय पातळीवर पाळायला सांगितलं १८६३ साली, आणि १८७६ पासून प्रिन्स्टन आणि येल ही कॉलेजं त्या दिवशी एकमेकांना पाडायला लागलीसुद्धा. पुढे १९३९ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टने दुकानदारांना नाताळच्या विक्रीसाठी जास्त दिवस मिळावेत म्हणून हा सण एक आठवडा अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही. ज्यांच्या सामन्यांच्या तारखा आधीच ठरल्या होत्या ते फुटबॉल प्रशिक्षक तर भयंकर चिडले. शेवटी १९४१ च्या डिसेंबरात कायदा करून चौथा गुरुवार पक्का करावा लागला. एकीकडे महायुद्धात उतरायचं आणि त्याच महिन्यात टर्की कधी कापायची याचा कायदा करायचा, हे मोठ्या देशालाच जमावं.

आमच्या राज्याचं मुख्य भांडण मात्र गुरुवारी नसतं. ते शनिवारी. ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. याला इथे नुसतं ‘द गेम’ म्हणतात, जणू जगात बाकी कुठे काही खेळलंच जात नाही. सामने १८९७ पासून चालू आहेत आणि १९३५ पासून बहुतेक दर वर्षी हंगामाचा शेवट यानेच होतो. पण खरं कारण खेळाच्या आधीचं आहे, आणि ते कळल्यावर मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. कारण तिथेही बांधच निघाला! ओहायो आणि मिशिगनची हद्द नेमकी कुठून जाते, टोलिडो गाव कुणाचं, यावरून १८३५ साली दोन्हीकडून सशस्त्र माणसं निघाली होती. युद्ध म्हणावं असं काही झालं नाही. मिशिगनच्या एका डेप्युटी शेरीफला चाकूची जखम झाली, तेवढंच. चाकू मारणाऱ्याचं नाव होतं ‘टू’. त्याच्या वडिलांनी मुलांची नावं ‘वन’ आणि ‘टू’ अशी ठेवली होती. बारशाला आत्या हजर नसली की असं होतं. शेवटी टोलिडो ओहायोला मिळालं, मिशिगनला वरचा जंगलाचा पट्टा देऊन वाटेला लावलं आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा दिला. त्या जंगलात पुढे तांबं आणि लोखंड निघालं, ही गोष्ट ओहायोत फारशी सांगत नाहीत.

वुडी हेझ नावाचे ओहायो स्टेटचे प्रशिक्षक १९५१ ते १९७८ इथे होते. मिशिगनचं नाव ते तोंडाने घेत नसत. ‘उत्तरेकडची ती टीम’ म्हणत. त्यांची एक आख्यायिका ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसमध्ये, अजून भक्तिभावाने सांगतात: मिशिगनमधून येताना गाडीतलं पेट्रोल संपत आलं, पण त्या राज्याला एक पैसाही कर मिळू नये म्हणून त्यांनी तिथे पेट्रोल भरायला नकार दिला, वेळ पडली तर गाडी ढकलत हद्दीपार नेऊ म्हणाले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला बो शेम्बेक्लर १९६९ साली मिशिगनचा प्रशिक्षक झाला आणि त्याने पहिल्याच वर्षी गुरूला हरवलं. पुढची दहा वर्षं त्या दोघांचीच.

सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे इंग्रजी ‘एम’ असेल तिथे लाल फुली मारतात. माझा नवरा याच विद्यापीठाचा. एरवी अत्यंत समंजस माणूस, बँकेत फोनवर ताटकळत ठेवलं तरी आवाज चढवत नाही. त्या आठवड्यात तो लाल चिकटपट्टी घेऊन घरात फिरतो. दुधाच्या कॅनवर फुली, मायक्रोवेव्हवर फुली. महाराष्ट्र मंडळाच्या इंग्रजी कॅलेंडरवर तर दोन. आणि या माणसाची एकुलती एक मुलगी २०२१ साली मिशिगनला शिकायला गेली. शेजारच्या राज्यातली म्हणून तिची फी तिथल्या मुलांच्या तिपटीहून जास्त होती आणि ती ह्यांनीच भरली. टोलिडोचा सूड इतक्या सावकाश, हप्त्याहप्त्याने कुणी घेतला नसेल.

त्यातून योग असा, की २०२१ ते २०२४ ही तिची कॉलेजची चार वर्षं, आणि चारही वर्षं मिशिगन जिंकलं.

शेवटच्या वर्षी सासूबाई इथेच होत्या. दिवाळीला आल्या आणि थंडी बघायची म्हणून राहिल्या. त्यांना वाटलं होतं, थंडी म्हणजे शाल. शाकाहारी माणसाला थँक्सगिव्हिंगच्या जेवणात फारसं काही नसतं, पण आमच्याकडे टर्की कधीच नव्हती. त्या पक्ष्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जो पदार्थ विरघळायला तीन-चार दिवस, भाजायला अर्धा दिवस आणि गिळायला रस्सा लागतो, त्याने आपण कशाबद्दल आभार मानतोय याचा विचार करावा. आमच्याकडे मसालेभात, बटाट्याची भाजी आणि क्रॅनबेरीचं लोणचं असतं. हे लोणचं अमेरिकेतल्या मराठी बायकांनी लावलेला मोठा शोध आहे, त्याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी. पायसाठी आणलेला लाल भोपळ्याच्या गराचा डबा सासूबाईंनी उघडून बघितला, वास घेतला आणि गूळ मागितला. त्या डब्याचे घारगे झाले. पाय कुणाला आठवलासुद्धा नाही.

शनिवारी दुपारी बाराला सामना. बाहेर पाणी गोठवणारी थंडी. घड्याळात साठ मिनिटांचा हा खेळ संपायला साडेतीन तास घेतो, कारण दर दोन मिनिटांनी कुणीतरी थांबतं आणि ट्रकच्या जाहिराती लागतात. मला वाटलं, सासूबाई दहा मिनिटांत जप करायला आत जातील. पण सासूबाई सांगलीच्या. भावांच्या मागे कबड्डीची मैदानं धुंडाळण्यात त्यांचं लहानपण गेलेलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना द्यायचा, एवढं नातीने सांगितल्यावर त्या खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “म्हणजे मधे रेषा आहे, तिकडे घुसायचं आणि हे धरणार. कबड्डीच की. फक्त यांना दम घोटावा लागत नाही, त्यामुळे सुटलेत सगळे.” अर्ध्या तासात त्या पकडींवर बोलायला लागल्या. “अरे, खांद्याला काय झोंबतोस, घोट्याला धर!” मी इतकी वर्षं या खेळाशेजारी राहून जे शिकले नाही ते त्यांना घारगा खाता खाता कळलं.

ओहायो स्टेट तेव्हा देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं आणि मिशिगन त्या हंगामात पाच सामने हरून आलेलं. निकाल: मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. शेवटच्या मिनिटात एका लाथेने तीन गुण गेले. मग मिशिगनची पोरं मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला गेली, मारामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचे फवारे मारले. आमच्या हॉलमध्ये एवढं झालं नाही. मुलीने निळा-पिवळा स्कार्फ बाबाच्या गळ्यात घातला, बाबाने तो काढून सासूबाईंच्या खांद्यावर टाकला आणि सासूबाईंनी तो ठेवून घेतला, कारण लोकरीचा होता. नवरा अंगणातला बर्फ काढायला बाहेर गेला. त्या दिवशी बर्फ पडलेला नव्हता.

मग नाताळ. या महिन्याबद्दल माझी मतं थोडी आहेत पण ठाम आहेत. घराला लावलेली दिव्यांची माळ मार्चपर्यंत राहिली तर तो आळस नव्हे, तो अंधाराला विरोध आहे. भेटीबरोबर बदलून घेण्याची पावती जोडणं ही मानवी संस्कृतीची पुढची पायरी आहे; आपल्याकडे ती असती तर लग्नातली घड्याळं माळ्यावर साठली नसती. आणि कुटुंबाने वर्षभरात काय काय गाजवलं याचं छापील पत्र नाताळला सगळ्यांना पाठवण्याची जी चाल आहे, ती बंद व्हावी. मुलाचं पियानोवादन, नवी बोट, कुत्र्याची शस्त्रक्रिया यशस्वी. एकदा तरी कुणी लिहावं की मोठ्याला नोकरी नाही आणि बोट गळते.

या दिवसांत फुटबॉलला मात्र वेड लागतं. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत ‘बोल’ नावाचे चाळीसेक सामने होतात. पासाडीनाचा रोज बोल सगळ्यांत थोरला, १९०२ चा, नाव गुलाबाचं, आब राखून असलेला. बाकीच्यांना हल्ली वाणसामानाची नावं आहेत. आयडाहोच्या बटाट्याचा एक सामना आहे. एका मेयोनीज कंपनीचा आहे, तिथे जिंकणाऱ्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर बादलीभर मेयोनीज ओततात. माणूस जिंकायला कशाला जाईल? आणि ऑरलँडोत पॉप-टार्ट्सच्या नावाचा आहे. तिथे २०२३ पासून बिस्किटाच्या वेशातलं शुभचिन्ह सामन्यानंतर हसत हसत भल्यामोठ्या टोस्टरमध्ये उतरतं, खालून त्याची खाण्याजोगी प्रतिकृती बाहेर येते आणि विजेते ती तोडून खातात. सासूबाईंनी हे पाहिलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “हे दर वर्षी करतात?” मी हो म्हटलं. “बरं,” म्हणाल्या, आणि पुन्हा जपाला लागल्या.

नव्या पद्धतीत बारा संघांची बाद फेरी असते, त्यामुळे मिशिगनकडून हरूनसुद्धा ओहायो स्टेट आत होतं. टेनेसीला हरवलं, मग रोज बोलमध्ये ओरेगनला, मग टेक्ससला. हंगाम असा लांबला की नाताळ ओलांडून संक्रांतीत शिरला. २० जानेवारीच्या सोमवारी अटलांटात अंतिम सामना, तोवर आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाची तारीख दोनदा हलली होती, कारण हॉल मिळत होता पण सतरंज्या घालायला पुरुष मिळत नव्हते. ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ असं हरवलं. माझा नवरा राष्ट्रीय विजेता झाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्याने लगेच मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

“अभिनंदन, बाबा,” ती म्हणाली. “पण तू आमच्याकडून हरलेला राष्ट्रीय विजेता आहेस.”

पुढचा अर्धा तास काय झालं ते सांगत नाही. त्यात हद्द निघाली, फी निघाली, वुडी हेझ निघाले. आजीने मधेच तिळगुळाची वडी कॅमेऱ्यासमोर धरली, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. एरवी हिचा फोन दीड मिनिटाचा असतो: जेवले, झोपते, पैसे आहेत. फोन ठेवताना ती म्हणाली की यंदा नोव्हेंबरचा सामना तिच्या कॉलेजच्या गावी, ॲन आर्बरला आहे, तेव्हा थँक्सगिव्हिंगला ती घरी येणार नाही, आम्हीच तिकडे जायचं.

नवरा तेवढ्या रात्री कागद घेऊन बसला. जाऊन-येऊन पावणेचारशे मैल. टाकी इथेच भरली तर मिशिगनमध्ये पेट्रोल घ्यावं लागणार नाही. आणि अगदीच कमी पडलं, तो म्हणाला, तर टोलिडो आपलंच आहे.