वर बघायचं नाही!

उत्सवात फोटोग्राफरला दोनच गोष्टी लागतात: उंच जागा आणि गावातली ओळख. माझी ओळख काढायची रीत जगभर एकच. गळ्यात कॅमेरा, तोंडावर लाचार हसू आणि तिथल्या भाषेतलं पाठ केलेलं एक वाक्य. त्यावर समोरचा काय म्हणतो, ते मला आजवर कुठल्याच देशात कळलेलं नाही.

कॅटलोनियातलं विलाफ्रांका देल पेनेदेस हे द्राक्षमळ्यांचं गाव. बार्सिलोनाहून लोकलने तासाभराच्या अंतरावर. ३० ऑगस्टला, सांत फेलिक्सच्या दिवशी, तिथे नगरपालिकेसमोरच्या चौकात माणसांचे मनोरे रचतात. दोन शतकांची ही परंपरा २०१० साली युनेस्कोच्या वारसायादीतही गेली. ‘मुंबईत राहून गोविंदा बघायला स्पेनला?’ एवढंच घरचे म्हणाले होते, पण ज्या सुरात म्हणाले, तो सूर मी विमानभर ऐकत होतो.

चौकाभोवती सज्जेच सज्जे होते आणि सगळे घरच्या पाव्हण्यांनी ओसंडत होते. मी खालून आशेने हात हलवला. वरून सगळ्यांनी प्रेमाने हात हलवला. ओळख तिथेच सुरू झाली आणि तिथेच संपली.

इतक्यात खांद्यावर थाप पडली. पांढरी विजार, हिरवा शर्ट, कमरेला काळ्या पट्ट्याचे वेढे. गृहस्थाने कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाजारात बैल पारखावा तसे माझे खांदे दाबून पाहिले आणि शेजारच्या आजींना काहीतरी सांगितलं. आजींना कामापुरतं इंग्रजी येत होतं.

“चष्मा काढ, घड्याळ काढ. कॅमेरा माझ्याकडे दे.”

“पण आजी, मी फोटो काढायला आलोय.”

“फोटो काढणारे ढिगाने आहेत. ढकलणारे कमी पडताहेत.”

दोन मिनिटांत मी पिन्यात होतो. पिन्या म्हणजे मनोऱ्याच्या बुंध्याशी दाटलेली शेकडो माणसं. छाती पुढच्याच्या पाठीला, हात त्याच्या खांद्यावरून ताठ, मागच्याची छाती आपल्या पाठीला. हा पायाही आणि वरून कोणी कोसळलंच तर गादीही. नियम एकच, आणि तो आजींनी माझ्या कानात ओरडून सांगितला: “वर बघायचं नाही! मान मोडेल!” हजारो मैल उडत येऊन उत्सवाच्या मधोमध जागा मिळाली होती आणि तिथून दिसत होती एका अनोळखी माणसाची मान. मानेवर तीळ होता.

मनोरा होता ‘नवाचा तीन’, म्हणजे नऊ थर, थराला तीन माणसं. आपल्या शाळेतला पाढा इथे सत्तावीस म्हणतो. कॅटलान हिशेब वेगळा: सहा थरांत तीन-तीन, मग दोघं, त्यांच्यावर ओणवं झालेलं एक पोर आणि त्या पोरावरून पलीकडे जाणारं शेवटचं पोर, एन्शानेता. एकूण बावीस. घामाने निथळणारे आम्ही शेकडो कुठल्याच पाढ्यात नव्हतो.

मग ग्राल्या वाजू लागल्या. हे सनईच्या कुळातलं वाद्य. मनोरा कुठवर चढला, ते खाली कोंबलेल्यांना त्यांच्या सुरांवरून कळतं. शेजारचा तरुण शर्टाची कॉलर दातांत धरून उभा होता. वरची थरथर माणसामाणसातून झिरपत माझ्या कोपरापर्यंत पोहोचली. अचानक चौक गर्जला. एन्शानेताने टोकावर हात उंचावला असणार! मीही ‘हो!’ करून हात सैल सोडले, तशा मला दोन भाषांत शिव्या बसल्या. अजून उतरायचं होतं.

ते सगळे उतरले, मग लोक खरे नाचले, रडले, एकमेकांना कवटाळू लागले. तीळवाल्यानेही मला मिठी मारली. वाइनचा घोट पुढे करत एका आजोबांनी विचारलं, “तुमच्याकडेही करतात म्हणे. वर काय असतं?”

“दह्याची हंडी.”

“ती घेऊन खाली येता?”

“छे, फोडतो.”

“मग उतरता कसे?”

“उतरायचं काय त्यात? हंडी फुटली की सगळे आपोआप खालीच असतात.”

आजींनी भाषांतर केलं. आजोबांनी छातीवर क्रूस काढला. त्यांच्याकडे उतरताना ढासळलेल्या मनोऱ्याला कमी गुण असतात. आमच्याकडे ढासळल्यावर डीजेचा आवाज वाढतो, हे मी सांगितलं नाही. आजोबांचं वय झालं होतं.

आजींनी कॅमेरा परत दिला. माझ्या काळजाचा ठोका चुकला, कारण त्यांनी तो मुळीच रिकामा ठेवला नव्हता. ग्राल्या वाजवणारी त्यांची नात समोरून, बाजूने, गाल फुगवून, गाल सोडून, सगळ्या बाजूंनी टिपली होती. मनोरा एकाही फोटोत नव्हता.

“आजी, मनोरा?”

“तो काय, दरवर्षी असतो. नात पुढच्या वर्षी एवढी राहणार आहे का?”

यावर जगातल्या कुठल्याही फोटोग्राफरकडे उत्तर नाही. आजींनी लगेच पत्ता लिहून दिला, कुठला फोटो केवढ्या आकारात आणि किती प्रतींत हवा तेही सांगितलं. निघताना त्यांनी माझा खांदा पुन्हा एकदा चाचपला.

“आणि पुढच्या वेळी जरा जेवून ये. तुझी हाडं टोचतात, अशी पुढच्याची तक्रार आहे.”