लघुविमानवस्त्रमीमांसा

बाल्सा लाकडाच्या काड्यांचा सांगाडा कितीही सुबक असला, तरी अंगावर वस्त्र चढल्यावाचून त्याला विमानपद प्राप्त होत नाही. हे वस्त्र कोणते असावे, याविषयी तीन संप्रदाय आहेत.

पहिला इस्त्रीसंप्रदाय. पाठीला गोंद असलेली प्लॅस्टिकची फिल्म इस्त्रीने चिकटवली की उष्णतेने आक्रसून ती ताठ बसते. फिल्म चकचकीत आणि चिवट खरी, पण चौरस मीटरला 60 ते 70 ग्रॅम भरते. 1 मीटर लांब आणि 15 सेंटीमीटर रुंद पंख दोन्ही अंगांनी मढवला, तर तो सुमारे 20 ग्रॅमांनी जड होतो.

दुसरा कागदसंप्रदाय. जपानी टिश्यू चौरस मीटरला जेमतेम 12 ग्रॅम. त्याच पंखाचे साडेतीन ग्रॅमांत भागते, त्यावर चढवायचे डोप नावाचे रोगण वेगळे. कागदाचे तंतू पंखाच्या लांबीला समांतर ठेवावेत, नाहीतर पंखाच्या दोन रिबांमध्ये, म्हणजे फासळ्यांमध्ये, झोळ पडतो. वर पाण्याचा फवारा, मग डोप. वाळताना डोप इतका आवळतो की पंखाला पीळ पडतो. म्हणून त्यात थोडे एरंडेल घालतात. मनुष्यास जे सैल करते ते विमानासही करते, एवढे अद्वैत येथे सिद्ध होते.

तिसरा संन्यासमार्ग. नायट्रोसेल्युलोजचे द्रावण पाण्यावर ओतून मायक्रॉनहून पातळ पापुद्रा धरायचा आणि तारेच्या चौकटीवर अलगद उचलायचा. त्यावरच्या इंद्रधनुषी रंगांवरून जाडी ओळखतात. बंदिस्त जागेत उडणाऱ्या एफ-1-डी वर्गातले विमान 55 सेंटीमीटर पंखविस्ताराचे. पंखा फिरवणारे रबर वगळून त्याचे वजन किमान 1.4 ग्रॅम हवे, असा नियमच आहे. ते अर्धा तास तरंगू शकते. वारा टाळण्यासाठी या विमानांच्या स्पर्धा रोमानियात स्लानिकच्या मिठाच्या खाणीतही झाल्या आहेत.

पूर्वपक्ष म्हणतो, मग सर्वांनी तिसराच मार्ग का धरू नये? उत्तर: भार-अक्षय्यतेच्या नियमामुळे. पंखावरून उतरलेला प्रत्येक ग्रॅम कुटुंबीयांवर चढतो. फिल्मवाल्याच्या घरी फक्त इस्त्री सापडत नाही. टिश्यूवाल्याच्या घरी भर मे महिन्यात पंखा बंद आणि डोपचा वास जेवणापर्यंत. पापुद्रेवाल्याच्या घरी दार उघडणे, चालणे आणि शिंकणे हे तिन्ही अपराध.

सबब अधिकारभेद असा: एकत्र कुटुंबात राहणाऱ्याने फिल्म वापरावी, सोशिक जोडीदार लाभलेल्याने टिश्यू, पापुद्र्याचा अधिकार फक्त ब्रह्मचाऱ्यास, आणि तोही मांजर न पाळणाऱ्यास.