राष्ट्रगीत, वगैरे वगैरे

“वहिनी, कढीपत्ता हवा होता ना? घ्या इकडून. आणि जरा थांबा, काल लेकीचा पॅरिसहून फोन होता. सर्ज गेन्सबुर्गचं घर बघून आली.”

“हा कोण आणखी?”

“गाणी लिहायचा नि म्हणायचा. १९९१ साली गेला. घराच्या भिंती आतून काळ्या! आणि ॲशट्रेत त्याच्या सिगारेटची थोटकं अजून तश्शीच. आमच्या यांची सकाळची थोटकं मी दुपारपर्यंत ठेवत नाही.”

“काळ्या भिंती? श्शी!”

“ऐका तर. जन्मभर जॅझ, पॉप केलं आणि पन्नाशीत बाबा उठला तो थेट जमैकात. १९७९ची गोष्ट. ड्रम नि बासवर स्लाय-रॉबीची जोडी. त्यांना हा कोण, पत्ता नाही. फ्रेंच गाणं म्हणे एकच ठाऊक, बाई उसासे टाकते ते. हा म्हणाला, ते माझंच! झालं, गट्टी. कोरसला बॉब मार्लेची बायको रिटा. हा नुसता पुटपुटतो हो, पण खाली तो बास असा डुलतो की पुटपुटणंच शोभतं.”

“आणि ती उसासेवाली?”

“जेन बर्किन. १९८०त घर सोडून गेली. दारू-सिगारेट किती सोसायची! पण बोंब झाली ती फ्रान्सच्या राष्ट्रगीतावरून. तेच घातलंन् रेगेत. आरतीच्या पुस्तकात ‘॥धृ॥’ छापतात ना? तसं तिथे धृपदापुढे ‘इत्यादी’ छापलेलं. हा ‘इत्यादी’सकट गायला! अल्बमचं नावही तेच, ‘ओझार्म एत सेतेरा’.”

“बाई गं! गप्प बसले लोक?”

“कुठले! मिशेल द्र्वा नावाच्या लेखकानं लिहिलं, तुझ्यामुळे ज्यूंवरचा राग वाढेल. ह्यानं लहानपणी जर्मनांच्या धाकानं, ज्यू म्हणून, छातीवर पिवळा तारा लावलेला, त्याला हे सांगायचं! मग जानेवारी १९८०, स्ट्रासबुर्गला ह्याचा कार्यक्रम. सभागृहात चिडलेले पॅराट्रूपर ठाण मांडून. वादक काही स्टेजवर आले नाहीत. हा एकटा गेला, मूठ वर केली आणि मूळ चालीत, साथीशिवाय राष्ट्रगीत सुरू. राष्ट्रगीत म्हटल्यावर ते तरी काय करणार? राहिले उभे!”

“भलताच बेरकी!”

“पुढे १९८१त मूळ कवीच्या सहीचं हस्तलिखित लिलावात घेतलं, १,३५,००० फ्रँक मोजून. त्यातही म्हणे ‘इत्यादी’च होतं! लेकीला विचारलं, दिसलं का गं ते? म्हणते, आई, मी थोटकंच बघत बसले.”