गणपती, गाडी आणि वेटिंग

आषाढ लागला की काळाचौकीच्या अभ्युदयनगरात घरोघरी एकच वाद पेटतो: गणपतीला गावी जायचं ते रेल्वेनं की भाड्याच्या गाडीनं? (सगळी मुंबई लालबागच्या रांगेत उभी असते, तेव्हा रांगेशेजारी राहणारे आम्ही कोकणाच्या वाटेला लागतो, हा भाग वेगळा.)

बाबा रेल्वेचे. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून त्यांची निष्ठा अढळ आणि तिकीट वेटिंगवर. आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, आता 60. हिरमोड निदान दोन महिने उशिरा होतो, ही सोय मानलीच पाहिजे.

थोरला गाडीचा. दारातून दारात, मखर टपावर, हवं तिथे चहा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. त्या साली जन्मलेल्या नातवाला आता मिसरूड फुटलंय आणि तोही गाडीच्या बाजूनं मत देतो. रस्त्याला अजून फुटायचंय ते फुटतंच आहे.

वहिनींनी हिशेब मांडला: डिझेल, टोल, चालकाचा भत्ता, वर ओकारीच्या गोळ्या.

कोपऱ्यातून आजीनं विचारलं, "एस्टी बंद झाली काय रे?"