मायावी यंत्राचे दफ्तर

जी वस्तू मुळात अस्तित्वातच नाही तिच्या सारथ्याची साद्यंत कैफियत लिहून ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या शिरावर येऊन पडते, त्याने एकतर वेदान्त पचवलेला असावा, नाहीतर कुळकर्ण्याच्या घराण्यात जन्म घेतलेला असावा, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. पहिली पात्रता माझ्या अंगी नाही. दुसरीच्या पुण्याईवर आभासी यंत्रांच्या ड्रायव्हरांची दफ्तरे लिहून मी उदरनिर्वाह करतो.

आभासी यंत्र म्हणजे खऱ्या संगणकाच्या उदरातला पोटभाडेकरू. डिस्क, नेटवर्क-कार्ड वगैरे सारा सरंजाम आपल्या मालकीचा आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि ती समजूत टिकावी म्हणून पूर्वी खऱ्याखुऱ्या कार्डाचे सोंग हुबेहूब वठवण्यात घरमालकाची निम्मी शक्ती खर्ची पडे. पुढे रस्टी रसेल यांनी ‘व्हर्टआयओ’ नावाची पद्धत सिद्ध करून २००८ साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. तिचा मथितार्थ असा की, समोर कार्ड नाही हे ड्रायव्हरालाही ठाऊक असावे आणि उभयतांनी सोंगे सोडून व्यवहाराचे बोलावे.

हा ड्रायव्हर कामावर रुजू होताना एका रकान्यात शेरे चढवतो: यंत्र दृष्टीस पडले, १; हाकता येईल, २; गुणांविषयी एकमत झाले, ८; कामास सिद्ध, ४. आठानंतर चार का, असे नवा उमेदवार हटकून विचारतो. आठाचा शेरा मागाहून, १.० आवृत्तीच्या वेळी दाखल झाला आणि चाराची जागा तोवर भरलेली होती, एवढेच त्याचे कारण. परंतु ते कोडमध्ये कोठेही दिसत नाही.

मागणी नोंदवण्याची रीतही कचेरीचीच. सोळा बाइटांच्या चिठ्ठीत पत्ता, लांबी, खुणा आणि पुढच्या चिठ्ठीचा क्रमांक लिहावयाचा, चिठ्ठीचा क्रमांक बारनिशीत चढवावयाचा, आणि मग बारनिशीचा आकडा एकाने वाढवावयाचा. आकडा वाढण्यापूर्वी आधीचे सारे लिखाण पलीकडच्याला दिसलेच पाहिजे, म्हणून मध्ये ‘मेमरी बॅरियर’ नामक एका ओळीचा अडसर असतो.

अशाच एका ओळीवर मला पूर्वी कोणा महाभागाची टीप आढळली: ‘येथे बॅरियर आहे.’ भिंतीवर ‘ही भिंत आहे’ असे लिहिण्याच्या तोलामोलाचे हे ज्ञान वाचून मला हसू लोटले, आणि साफसफाईच्या उत्साहात ती टीप व तिच्यासह ती ओळही मी काढून टाकली. माझ्या टेबलावरच्या एक्स८६ यंत्राने हूं की चूं केले नाही, कारण लिखाणाचा क्रम पाळण्याचा त्या घराण्याचा मूळचाच बाणा आहे. एआरएमवर मात्र, जेथे हा क्रम कोणी गृहीत धरू नये, अधूनमधून एखादी मागणी अर्धवट लिहिलेल्या चिठ्ठीनिशीच पुढे जाऊ लागली.

तीन रात्री जागून शोध लागला. त्या महाभागाचे नाव काढावे म्हणून जुन्या नोंदींची रुजुवात घेतली, तर ती टीप पाच वर्षांपूर्वी मीच लिहिलेली निघाली.

आता ती ओळ पुन्हा स्वस्थानी आहे, आणि तिच्या माथ्यावर अकरा ओळींची सविस्तर टीप आहे. तिचे शेवटचे वाक्य असे: ‘ही ओळ काढू नये, एकदा काढून पाहिली आहे.’