पंडितांची नायिका लांज्यात

कोकणातल्या लांज्यात चित्रकला शिकायला सगळ्यात गैरसोयीचा काळ म्हणजे आषाढ, आणि हौशी माणसाला सवड मिळते तीही नेमकी तेव्हाच. लावणी आटोपलेली, फणस संपलेले, हायवेवर चिखल. इंटरमिजिएटच्या परीक्षेनंतर माळ्यावर गेलेले ब्रश खाली येतात आणि गडी ठरवतो, एखाद्या उस्तादाची नक्कल करून हात बसवायचा. उस्ताद निवडताना काटकसर नाही. थेट एस. एम. पंडित!

गुलबर्ग्याचे पंडित (१९१६–१९९३) ग्वाशमधले बादशहा. ग्वाश म्हणजे अपारदर्शक जलरंग, शाळेतल्या पोस्टर कलरचा खानदानी थोरला भाऊ. सिनेमाची शोकार्डं आणि बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ची मुखपृष्ठं पंडितांनी या रंगांत गाजवली. गंमत अशी, की तेव्हाचे बहुतेक सिनेमे कृष्णधवल. नायिकेचा गाल किती गुलाबी, हे पडद्याला ठाऊकच नव्हतं. ते पंडितांनी ठरवलं. मग छापखान्यात त्या गालाचे ठिपके झाले, ठिपक्यांखालचा कागद वर्षानुवर्षं पिवळा पडत गेला, कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो लांज्यात मोबाइलवर उघडला. आपला शिष्य ती पिवळी झाक म्हणजे उतरतं ऊन समजून यलो ऑकरमध्ये इमानेइतबारे रंगवतो. बॅटरी उतरून स्क्रीन मंदावला, की नायिकेच्या चेहऱ्यावर अंधारून येतं. तो तेही रंगवतो.

खरं शिकवतो तो रंग, आणि तो मास्तर मारकुटा आहे. ओला असताना एक दिसतो, वाळला की दुसराच. गडद छटा बहुधा फिकट होतात, फिकट जराशा गडद. म्हणून जाणकार आधी वेगळ्या कागदावर पट्टा मारतात, तो वाळू देतात आणि मगच चित्राला हात लावतात. जिथे चार दिवस टॉवेल वाळत नाही, तिथे पट्टा कसला वाळतोय? तो गॅसच्या उबेला धरावा लागतो आणि आमटीला फोडणी द्यायला आलेली आई चित्रकाराला बाहेर काढते. त्यात वाळलेला ग्वाशही पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. दुसरा थर जरा घोळवला, की गालावरची लाली हनुवटीवर. एकदा ब्रश टेकवून तो उचलायची पंडितांची हिंमत किती जबर होती, हे तेव्हा कळतं. पुढे डिंकावर बांधलेल्या या रंगाला बुरशीही प्रेमाने धरते.

बाकी नकलांचं नशीब खोटंच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सने तिथल्या विद्यार्थ्यांकडून १८७२पासून अजिंठ्याच्या प्रती करून घेतल्या. त्यातल्या कित्येक १८८५मध्ये लंडनमधल्या एका आगीत गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिलने केलेल्या अजिंठ्याच्याच प्रतींपैकी बहुतेक १८६६मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. मूळ चित्रं अजून भिंतीवर आहेत.

लांज्यातल्या प्रतीला आगीची भीती नाही. गणपती तोंडावर आले, की घरातलं वडीलधारं माणूस चित्र हातात घेतं, न्याहाळतं, उलटं करतं आणि विचारतं, “ही बाजू कोरीच आहे ना रे?” जाड कार्डशीट वाया कशाला घालवायचं! मखरामागे लावायला त्यावर कमळं काढली जातात आणि नायिकेच्या गालासाठी जिवापाड जुळवलेला गुलाबी त्या पाकळ्यांना झकास शोभतो.